मोटरचा खांदा

बैलाला खरूज झाली आहे असं समजून मी त्याला पॉलिशपेपरनं घासून काढला होता.

हसू नका. म्हणजे हसा, पण आधी पूर्ण ऐका. बैल लाकडाचा होता हे कबूल, लाकडाला खरूज होत नाही हेही कबूल. पण मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, माझ्या ट्रंकेत हस्तकलेच्या सहा महिन्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र होतं, आणि नारळाच्या करवंटीचं घुबड करून मी 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेत पहिली आले होते. अशा बाईला जुन्या वस्तूंबरोबर घरात एकटं सोडू नये. सासूबाईंनी सोडलं. पोळा तोंडावर आला असताना त्या आठ दिवस उमरेडला बहिणीकडे गेल्या. नवरा कंपनीच्या कामाने बाहेरगावी. घरात मी, माझा दोन वर्षांचा मुलगा आणि तो बैल.

मी नाशिककडची. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल आणायचे, पूजा करायची, पुरणपोळी हाणायची आणि चार दिवसांनी बैल तुळशीत विरघळायला ठेवून द्यायचे. पुढल्या वर्षी पुन्हा नवे. नागपुरात लग्न होऊन आले तर इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा वेगळा पोळा! तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं गल्लीभर हिंडतात, घरोघरी ओवाळून घेतात, बोजारा म्हणून मिळालेला खाऊ खिशांत कोंबतात. त्या वर्षी माझा मुलगा पहिल्यांदाच बैल ओढणार होता, आणि बैल घरात होताच. नवऱ्याच्या लहानपणचा; लग्नानंतरचे आधीचे पोळे मी माहेरीच काढल्यामुळे मी तो कधी पाहिला नव्हता. आमच्या रामदासपेठेतल्या घरी देवघराखालच्या फडताळात तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असे.

मी तो सोडला आणि नाक मुरडलं. वीत-दीड वीत उंचीचा, बिनरंगाचा, काळपट बैल. मानेमागे खांद्यावर एक कळकट खळगा. बोट लावलं तर चिकट, वास जुनाट तुपाचा, आणि त्यावर दोन मुंग्या. शिवाय ओढून पाहिला तर पुढचं एक चाक वाकडं. बैल चालताना झुकायचा, सावरायचा, पुन्हा झुकायचा. मनात म्हटलं, अगंबाई, एवढी मोठी माणसं, आणि लेकराच्या बैलाची ही दशा!

मग काय, पदर खोचला. खांदा घासून पांढराफटक केला. खळग्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, भरली. वाळल्यावर सगळ्या अंगाला पांढरा ऑइलपेंट, खुरांना काळा आणि शिंगांना सोनेरी. शिंगं अशी चमकायला लागली की मी स्वतःच दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं. मान तिरकी करून पाहायला आम्हाला वर्गात शिकवलं होतं.

राहिलं चाक. ते ज्यानं बैल केला त्याच्याकडूनच सरळ करून आणावं, अशी दुर्बुद्धी मला झाली. दुर्बुद्धी म्हणतेय खरी, पण त्या उभ्या महिन्यात माझ्या डोक्यात आलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच.

त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. घरात सगळे 'वाडीचे वाढईबाबा' म्हणत. वाढई म्हणजे सुतार. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. एका काखेत मुलगा आणि दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बैल अशी मी बसमधून उतरले. ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड चाललेली. 'आने दो, आने दो, बस!' आणि त्या सगळ्या गदारोळात एक वाळकुडा म्हातारा पाठमोरा बसून पटाशीनं काहीतरी कोरत होता. ओठांत बांबूच्या चार बारीक मेखा धरलेल्या.

मी बैल जमिनीवर ठेवला आणि चाकाचा दोष दाखवायला चार पावलं ओढला.

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलंच नाही. ओठांतल्या मेखा काढल्या आणि म्हटलं, "आला का मोटर?"

मला काही कळेना. मग ते वळले. बैल पाहिला. डोळे मिटून घेतले. "पुन्हा ओढ."

ओढला.

"चाल तं मोटरचीच आहे," म्हणाले. "अंगावर हे कोण आहे?"

माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांचा असताना त्या बैलाचं नाव मोटर ठेवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या नवऱ्याबद्दल बऱ्याच गोष्टी मला अशाच परक्या माणसांकडून कळल्या आहेत.

"चाक वाकडं झालंय," मी म्हटलं.

"चाक वाकडं नाही. मीच तसं केलं. सरळ चाकावर बैल नाही चालत, हातगाडी चालते." एवढं बोलून त्यांनी अंगठा माझ्या गुळगुळीत, पांढऱ्या खांद्यावर टेकवला. माझ्या म्हणजे बैलाच्या. बराच वेळ तसाच ठेवला. मग शेजारचं पोतं ओढलं आणि बैलावर घातलं. मेलेल्यावर घालतात तसं.

"काय केलं वं माय तू?"

"घाण होती. साफ केली."

"घाण," ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "घाण."

त्यांनी मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ते मला समजावून सांगायला लागले, जसं लहान पोराला सांगतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलपटलेला असतो, म्हणून हळद घातलेलं कोमट तूप पळसाच्या पानानं लावून तो शेकायचा आणि बैलाला म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' शेतातल्या बैलाचं हे असं. वाढईबाबा आपल्या लाकडी बैलांचंही तसंच करत. बाकी अंगाला जवसाचं तेल पाजून लाकूड बंद करायचे, खांदा मात्र उघडा ठेवायचे. कोरा, खरबरीत. त्या घरानं दरवर्षी खांदशेकणीला तिथे तूप-हळद लावायची, तळव्यानं जिरवायची. लाकूड पीत जायचं. हात फिरून फिरून खळगा पडायचा. बैल त्यांनी करायचा, खांदा त्या घरानं.

"तुह्या सासूनं एकतीस वर्षं हात लावला याले," ते म्हणाले. "एक वर्ष खाडा नाही. सासरा गेला तुहा, त्याले आठ दिवस नव्हते झाले. मी म्हटलं, यंदा राहू दे बाई, सुतक आहे. म्हणे, बैलाले कायचं सुतक? एकटी आली होती बसनं. मोटरले घेऊन."

माझ्या पायाखालची वाडी सरकली.

"कवा येते ती?"

"चार दिवसांनी. खांदशेकणीलाच."

"मंग बैल इथंच राहीन तोवर," त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "अन् तू बी येशील. रोज."

*

आता हा माणूस काय होता ते सांगते, कारण चार दिवसांत मी लाकूड कमी आणि त्यांनाच जास्त पाहिलं.

ते लाकडावर झोपत. शिवणीच्या फळ्या वाळायला तीन उन्हाळे लागतात, आणि ते तिन्ही उन्हाळे त्या फळ्या त्यांच्या खाटेवर नवारीच्या जागी असायच्या. गादी नाही, घोंगडी नाही. मी विचारलं, "बाबा, पाठ दुखत नाही?" तर म्हणाले, "दुखते ना. जिथं दुखते तिथं गाठ आहे. मंग मले करवत कुठून घालाची ते समजते." बैल विकायला काढायच्या आधी त्यांनी तो तीन वर्षं पाठीखाली घेतलेला असायचा.

खिळा लावत नसत. सगळा बैल बांबूच्या मेखांवर. एकदा मीच शहाणपणा केला, की बाबा, खिळ्यानं काम लवकर होईल. "जिवंत जनावरात खिळा ठोकते का कोणी?" असं म्हणून ते माझ्याकडे अशा भीतीनं पाहायला लागले, की ही बाई घरी मुलाचं काय करत असेल!

ट्रकवाले त्यांना मशिनच्या खोक्यांच्या फळ्या फुकट देत. त्यांचे ते स्टूल करत, पाट करत, ड्रायव्हरांना बसायला बाकडी करत. बैल कधीच नाही. "हे लाकूड रस्त्यावरचं आहे," म्हणत. "त्याले घर ठाऊक नाही. बैल घरचा पाहिजे."

मोजायला टेप नव्हता. शेडच्या मागच्या भिंतीवर एका खुंटीला सुतळ्यांचा एक जाडजूड गुच्छ लटकलेला असायचा. ज्याच्यासाठी बैल करायचा त्या पोराला उभं करत, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरत आणि गाठ मारत. बैल तेवढाच उंच. "गुडघ्याच्या वर बैल गेला तं पोट्टं भेते. खाली राहिला तं लाथ मारते." आणि ती सुतळी जपून ठेवत. दाढीमिशा आलेले बाप्ये पोळ्याला भेटायला आले की त्या गुच्छातून बरोबर त्यांची सुतळी काढायचे, त्यांच्या पायाशी धरायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "वाढला गा." सुतळीवर नाव नाही, खूण नाही. कशी ओळखत, देव जाणे. मी एकदा मुद्दाम दोन सुतळ्यांची अदलाबदल केली होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन्ही आपापल्या जागी.

आणि नाव. पोराला घेऊन या, पोरानं बैलाचं नाव सांगितल्याशिवाय ते लाकडाला हात लावत नसत. दोन-तीन वर्षांची पोरं, काय वाटेल ते सांगायची. त्यांच्या बैलांत एक गुरुजी होता, एक जिलेबी होती, एक नुसताच 'नाही' होता, कारण ते पोरगं प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणायचं. मोठ्या माणसांनी मध्ये पडून 'अहो, राजा ठेवा, सर्जा ठेवा' म्हटलेलं त्यांना चालत नसे. "बैल तुम्ही ओढसान का?"

मी तिथे असतानाच एक साहेब आले होते. पांढरी गाडी, सफारी सूट. त्यांना छातीएवढा उंच बैल हवा होता.

"ओढणारं पोट्टं कुठं आहे?" वाढईबाबांनी विचारलं.

"पोट्टं नाही हो बाबा. हॉलमध्ये ठेवायचा आहे. शोपीस."

"मंग कपाट घ्या ना साहेब. त्याच्यात सामान तरी ठेवता येते."

साहेब लाल होऊन गेले. मी पोटभर हसले, तशी त्यांनी पोत्याकडे बोट केलं. माझं हसू तिथेच आटलं. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी तेच साहेब नातीला कडेवर घेऊन आले. सफारीसकट भुशात मांडी घालून बसले आणि सुतळीचं दुसरं टोक स्वतः धरलं. नातीनं नाव सांगितलं, 'आजोबा'. म्हातारा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. वरचे दोन दात नव्हते.

*

माझं काम होतं रंग उतरवायचं. त्यांनी हातात फुटक्या बाटलीचा एक काचेचा तुकडा दिला. कड अशी धरायची, हाताकडे ओढायची. केसासारखी बारीक साल निघाली पाहिजे, लाकूड नाही. मी म्हटलं, रंग काढायचं औषध मिळतं बाजारात. "त्यानं लाकूडबी जळते अन् तुही खोडबी जात नाही," म्हणाले.

चार दिवस सकाळी बस, संध्याकाळी बस. मुलगा भुशात लोळायचा, ट्रकचे हॉर्न ऐकून टाळ्या वाजवायचा. माझी बोटं कापली, नखांत पांढरा रंग गेला, आणि ज्या शिंगांवर मी एवढी खूश होते ती खरवडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. वळणं वळणं होती त्यांना. दोन दिवसांत जे मी झाकलं होतं ते उघडताना मला पहिल्यांदा दिसत गेलं. पोटाच्या फुगीत लाकडाच्या रेषा कशा फिरवून घेतल्या आहेत. डोळ्याच्या जागी बाहेरून काही लावलेलं नाही, लाकडातलीच एक बारकी गाठ बरोबर तिथे आणली आहे, दोन्ही बाजूंना. विचार करा. पाठीखाली तीन वर्षं घेऊन त्या माणसानं हे दोन डोळे शोधून ठेवले होते. आणि मी त्यांच्यावर ऑइलपेंट लावून वरून काळे ठिपके दिले होते. पापण्यांसकट.

खांद्याची लांबी त्यांनी स्वतः काढली, टोकदार हाडानं टोकरून. खाली पांढरंफटक लाकूड. खळग्याच्या कडा मी घासून सपाट केल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी घरून एक बाटली नेली. कडक चहाच्या पाण्यात कात उकळून गाळलेलं. वर्गात शिकवलं होतं, नव्या लाकडाला जुनं कसं दाखवायचं. त्यांनी बूच काढून वास घेतला.

"चहा पाजतं का वं बैलाले?"

"बाबा, नुसता रंग जुना दिसला तरी चालेल. आईंना कळणार नाही."

"तिले नाही कळणार," ते म्हणाले. "मले कळन ना."

आणि हीच तर माझी खरी भीती होती. कारण खांदशेकणीला त्यांच्या अंगणात काय चालतं ते मला एव्हाना समजलं होतं. घरोघरचे लोक आपापले बैल घेऊन येत. म्हातारा प्रत्येक बैलाच्या खांद्यावर अंगठा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचा. "याले दोन वर्षं हात नाही लागला." "हा पाच वर्षांचा, पण यंदा तेल लावलं, तूप नाही." आणि ते कधीच चुकत नसत. कोणाची भीड नाही, कोणासाठी खोटं नाही. चार लोकांसमोर सासूबाईंची एकतीस वर्षं पुसली गेल्याचं तो अंगठा जाहीर करणार होता.

"बाबा, निदान सांगू तरी नका," मी चक्क हात जोडले.

"मी कायले सांगू? अंगठा जे म्हणन ते म्हणन."

चौथ्या दिवशी सकाळी गेले, तर चुलीवर विटा तापत होत्या. त्यांनी खांद्यावर पळसाचं पान अंथरलं, वर फडक्यात गुंडाळलेली कोमट वीट ठेवली. गार झाली की दुसरी. मग तिसरी. तूप नाही, हळद नाही, नुसता शेक. मला म्हणाले, "हात ठेव वर. वीट भाजली तुले तं त्याले बी भाजते. नीट धर." दुपार होत आली. माझा तळवा लाल झाला, पाठ मोडली. मी म्हटलं, "यानं काय होणार बाबा?" त्यांनी नुसती पुढची वीट पुढे केली. ओठांत मेखा होत्या.

मग त्यांनी पान उचललं.

तुम्हाला कसं सांगू? पांढऱ्या लाकडाला घाम आला होता. खरोखरचा. बारीक बारीक, पिवळे थेंब. आधी चार-पाच, मग आणखी, मग ते एकमेकांत मिसळून डाग पसरायला लागला. हळदीचा रंग, मग गडद, मग तपकिरी. आणि वास आला. फडताळ उघडल्यावर आला होता तोच. ज्याला मी घाण म्हटलं होतं तोच वास. एकतीस पोळ्यांचं तूप त्या लाकडात पार आत जाऊन बसलं होतं आणि कोणीतरी ऊब देऊन बोलावल्यावर वर येत होतं. माझा पॉलिशपेपर त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मी देवळात फारशी जात नाही. पण त्या दिवशी मी चपला काढल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

म्हातारा माझ्याकडे पाहत होता. "वरचं तू नेलं," म्हणाला. "आतलं तुह्या हातचं नव्हतं."

खळगा मात्र उथळच राहिला. तो काही शेकून येत नाही.

*

संध्याकाळी सासूबाई उमरेडच्या बसनं परस्पर वाडीला आल्या. बैल मी चाकासाठी आधीच नेऊन ठेवलाय, असं शेजारणीच्या फोनवर सांगितलं होतं. अर्धं खरं होतं. अंगणात पंधरा-वीस माणसं, तेवढेच बैल, कढईत हळद घातलेलं तूप. एका बँकेतल्या गृहस्थांचा बैल पुढे होता. अंगठा, मिटलेले डोळे, आणि "तीन वर्षं कोरडा. घरी भांडण आहे का गा?" गृहस्थ बायकोकडे न बघता मागे सरकले.

मग मोटर.

सासूबाई पुढे झाल्या. ठेंगण्या, ताठ, पदर कमरेला. वर्षातून एकदा मान वर करून उभ्या राहायचा त्यांचा हा दिवस होता. दरवर्षी म्हातारा नुसता आकडा सांगायचा, आणि दरवर्षी तो एकानं वाढलेला असायचा.

अंगठा टेकला. उचलला. पुन्हा टेकला.

"मोटर," म्हातारा म्हणाला. "एकतीस वर्षं." थांबला. "अन् चार दिवस."

सासूबाईंनी भुवया चढवल्या. "चार दिवस कायचे?"

"ते तुह्या सुनेले इचार. पुढचा बैल आणा!"

गोदामाच्या भिंतीशी एक उलटं खोकं होतं. त्यावर मी सासूबाईंना बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुंग्या, पॉलिशपेपर, लांबी, पांढरा रंग, काळे खूर, सोनेरी शिंगं, पापण्या. चहाची बाटलीसुद्धा सांगितली. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. त्या मांडीवर मोटर घेऊन ऐकत होत्या आणि अंगठा त्या उथळ खळग्यात फिरवत होत्या, आपली हरवलेली वस्तू अंधारात चाचपावी तसा. त्यांचे डोळे भरले होते. एकतीस वर्षांत जे बोटांना पाठ झालं होतं ते तिथे नव्हतं. मी मान खाली घातली.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

मी दाखवले. कापलेली बोटं, पांढरी नखं, भाजलेला तळवा. त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले. मग कढईतून तूप घेतलेलं पळसाचं पान माझ्या हातात दिलं आणि मोटर पुढे केला. मी लावलं. तळव्यानं जिरवलं. चरचरलं. 'आज आवतण घ्या' मला नीट म्हणता येईना, त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं.

त्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, की माझ्याच तळव्याचा खळगा त्या खांद्यावर पडला आहे. म्हातारा गेला, सासूबाई गेल्या. वाडीच्या त्या शेडच्या जागी शटरचं गोदाम आहे. तो सुतळ्यांचा गुच्छ कोणी नेला माहीत नाही, मी विचारलं होतं. पोळ्याला पोरं-सुना आपापले बैल घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी डोळे मिटून त्यांच्या खांद्यावर अंगठा ठेवते. मला काहीएक कळत नाही. तोंडाला येईल ते ठोकून देते. "यंदा तूप डेअरीचं दिसतं." सुना चरकतात. वाढईबाबांना कळलं असतं तर माझ्या अंगावरही पोतं घातलं असतं.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. तूप जिरवून झालं, मी पदरानं डोळे पुसले, तशी सासूबाईंनी मला खाली वाकायची खूण केली. एकदा मागे वळून म्हातारा आपल्याकडे पाहत नाही ना, याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "शिंगं तरी राहू द्याची होती वं. सोनेरी शिंगं मले लय आवडतात. ह्या बुढ्याच्या भेवानं एकतीस वर्षं तोंड नाही उघडलं मी."